व्याह्यांच्या लेन्समधलं धुकं

आमच्या व्याह्यांइतका काचेला जपणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा मिळणार नाही, आणि मिळालाच तर तो त्यांच्याच हाताखाली तयार झालेला असणार. माणसं सोन्याला जपतात, शेताच्या बांधाला जपतात, सोयऱ्यांसमोर शब्दाला जपतात. आमचे व्याही जपतात ते कॅमेऱ्याच्या लेन्सच्या पुढच्या काचेला. त्या काचेवर कोणाचं बोट टेकलं तर त्यांच्या चेहऱ्यावर अशी कळ उमटते, की आपण भर पंगतीत कोणाच्या तरी ताटात पाय दिला असं समोरच्याला वाटावं. येलदरीच्या धरणावर वीजघरात त्यांची उभी नोकरी झाली. यंत्रांच्या घरघरीत सगळी उमर काढून ते निवृत्त झाले, जिंतूरला घर बांधलं, आणि आता हे देवधर्म करतील, निदान भावकीच्या भांडणात तरी पडतील, अशी सगळ्यांची अपेक्षा असताना त्यांनी कॅमेरा घेतला. नुसता कॅमेरा आला असता तर काही नव्हतं. पण सुनेच्या मागोमाग तिच्या माहेरची माणसं यावीत तशा कॅमेऱ्यामागून लेन्सा आल्या, लेन्सांमागून फिल्टर आले, लेन्सच्या तोंडावर बसवायचं हूड आलं, तिवई आली, पट्टे आले, पिशव्या आल्या, आणि धूळ उडवायचा एक रबरी फुगाही आला. हा फुगा ते चारचौघांतही खिशातून काढून फसफस दाबत असल्यामुळे अनोळखी लोक त्यांना दम्याचे पेशंट समजतात.

माझी त्यांची पहिली भेट झाली ती ते माझ्या मुलीला सून म्हणून बघायला परभणीला आले तेव्हा. मुलगी चहा घेऊन बाहेर आली. विहीणबाईंनी तिचं शिक्षण विचारलं, मुलाने बशीकडे बघत राहून लाजण्याचं काम व्यवस्थित पार पाडलं, आणि व्याही उठून तडक माझ्या खिडकीशी गेले. पडदा सारला, परत ओढला, मग अर्धा ठेवला. “बाळा, जरा इकडं सरक. उजेड तुझ्या मागून यायलाय,” म्हणाले. ती सरकली. त्यांनी एक फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो न्याहाळत बसले. शेवटी मान वर करून ते म्हणाले, “इवाई, तुमची खिडकी लय भारी हाय.” मुलीविषयी एक अक्षर नाही. पण आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि अजून ठरायचं बाकी असलेलं नातं त्यांनी खिडकीच्या नादात बोलून टाकलं होतं. माझी बायको तशीच आत गेली आणि तिने देवापुढे साखर ठेवली.

लग्नात तर त्यांनी कमालच केली. वरबापाने कसं ऐटीत बसावं, मान घ्यावा, थोडं रुसावं. मुलीकडच्यांनाही त्यात एक समाधान असतं. मी फेटा घेऊन त्यांना मांडवभर शोधत होतो आणि व्याही ठेक्याने आणलेल्या फोटोवाल्याच्या मागे उभं राहून त्याचं हूड उलटं लागलंय हे त्याला समजावून सांगत होते. मंगलाष्टकं संपत आली, सगळ्यांचे हात वर झाले, आणि “शुभमंगल” म्हणायच्या जागी व्याह्यांचा आवाज घुमला, “अक्षदा हळू टाका हो, लेन्स उघडी हाय!” त्या लग्नाच्या एकाही फोटोत वरपिता नाहीत. एका ठिकाणी त्यांचं कोपर आहे. आहेरात काय द्यावं म्हणून मी भीत भीत विचारलं तर म्हणाले, “बुटाच्या डब्यात ती बारकी पुडी निघती ना, दमट हवा ओढून घेणारी, ती फेकत जाऊ नका. तेवढ्या पुड्या जमवून द्या.” तेव्हापासून आमच्या साऱ्या गोतावळ्यात नवे बूट किंवा पर्स घेतली की त्यातली पुडी व्याह्यांच्या नावाने वेगळी निघते. दिवाळीला माझी मेहुणी फराळाबरोबर पुड्यांची एक पिशवीच देते, आणि फराळापेक्षा ती पिशवी व्याही आधी उघडतात.

या पुड्या आणि लेन्सा त्यांच्या स्वयंपाकघरात स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत राहतात. उन्हाळ्यात गच्चीवर एकीकडे विहीणबाईंच्या कुरडया आणि दुसरीकडे व्याह्यांच्या लेन्सा अशा ऊन खात पडलेल्या असतात. काचेला आतून बुरशी धरू नये म्हणून हे ऊन दाखवणं. कुरडयांना काय धरू नये म्हणून ते मला माहीत नाही. दोघं नवरा-बायको आळीपाळीने कावळे हाकतात. लांबलचक लेन्स टेकवायला त्यांनी हरभऱ्याची एक उशी शिवून घेतली आहे. मी एकदा मुक्कामाला होतो तेव्हा पहाटे ती उशी रिकाम्या पोटासारखी खपाटीला गेलेली निघाली. व्याही माझ्याकडे बघून दुःखाने म्हणाले, “इवाई, रात्री उसळ चांगली लागली ना तुमाला? आता लेन्स कशावर टेकवू?”

पण त्यांचा खरा दरारा आहे तो फोनवर. सेलू, मानवत, पाथरी, कुठून कुठून लग्नाचे फोटो काढणारी पोरं त्यांना फोन लावतात. व्याही जुन्या वैद्यासारखे आधी ऐकून घेतात. मग एकेक प्रश्न. लेन्स फिरवताना आवाज येतो का? घर्र येतो का कट्ट येतो? कॅमेऱ्याला जोडणाऱ्या मागच्या पितळी टिकल्या कधी पुसल्यात? कशाने पुसल्यात? “खोडरबर घे. पांढरा. हळू घास, पाठीला साबण लावल्यावानी.” देवगाव फाट्याच्या एका फोटोवाल्याला त्यांनी लेन्स फोनपाशी धरायला लावली, तिचा आवाज डोळे मिटून ऐकला आणि निदान केलं, “खराबी काहीच न्हाई. सेल उतरलाय.” त्यांची पद्धत एकच. जे ठीक आहे ते एकेक करून बाजूला काढायचं. जे उरेल तिथे दोष. आणि काहीही झालं तरी काचेवर तोंडाने फुंकर मारायची नाही. फुंकर मारणाऱ्या माणसाशी ते पुन्हा फारसं बोलत नाहीत.

हे सगळं कशासाठी? तर येलदरीच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणाऱ्या हंसांसाठी. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून आलेले ते पक्षी. धरणावर नोकरी करताना व्याही पाळीवरून सुटले की ते दिसायचे, पण तेव्हा थांबून बघायला सवड नव्हती. आता ते पहाटेच जाऊन बसतात. एकदा मलाही त्यांनी नेलं. थंडी अशी, की बोलावंसं वाटू नये. पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ कोणी तरी पुसून टाकलेली. एखादा मासेमार होडीतून जाताना तो पाण्यावर आहे की वर हवेत, काही कळत नव्हतं. मग धुक्याच्या आतून कुठून तरी हंसांचा आवाज आला, आधी एक, मग पुष्कळ, जणू दूरच्या गावात वऱ्हाड उतरलंय. व्याह्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला होता, पण बटण दाबत नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, “थांबा. ते उठतेत तवा पाण्याचं धुकं बी त्यांच्यासंगं उठतं. तेवढंच पायजे मला.” ते त्यांना कधीच मिळालं नव्हतं, आणि मिळालं नाही याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी कॅमेरा पिशवीत गुंडाळून पडवीत ठेवला. थंडीतून आलेल्या काचेला एकदम चुलीची ऊब दाखवायची नाही. “रडती ती,” म्हणाले.

मग एका हिवाळ्यात लेन्स बिघडली.

म्हणजे व्याह्यांच्या म्हणण्याप्रमाणे बिघडली. जे बघावं ते धुरकट. त्यांनी आधी स्वतः इलाज केले. फुगा मारला, मलमलीने पुसलं, फिल्टर काढला, टिकल्या घासल्या. विहीणबाईंना लिंबाखाली पेपर धरून उभं केलं आणि अक्षरांवर फोकस लावून बघितला. ही त्यांची जुनी परीक्षा. विहीणबाईंचे त्यांच्याकडे अगणित फोटो आहेत आणि प्रत्येकात खाली साडीच्या निऱ्या, दोन्ही बाजूंना बोटं आणि मधे पेपर. “मी आतली पानं वाचून काढते तवर,” असं त्या मला एकदा सांगत होत्या. या वेळी सगळी पानं वाचून झाली तरी अक्षरं स्वच्छ येईनात. व्याही परभणीला आमच्याकडे मुक्कामाला आले. इथल्या कारागिराने लेन्स उघडून दाखवली. आत बुरशी नाही, धूळ नाही. व्याह्यांनी कारागिराची नजर कमजोर ठरवली. आमच्या घरातल्या चहाच्या वाफेवर दोन दिवस संशय होता. मग परभणीच्या धुळीवर, मग आमच्या गल्लीतल्या ट्यूबलाइटवर. शेवटी देवगाव फाट्याच्या त्या फोटोवाल्याचा कॅमेरा मागून आणला, तर त्यातही तेच. त्यावर ते इतकंच म्हणाले, “सगळा मालच खराब यायलाय आताशा,” आणि जिंतूरची गाडी धरली.

थोड्याच दिवसांत विहीणबाईंचा फोन आला. त्या मला सर म्हणतात, कारण मी शाळेत मराठी शिकवायचो. “सर, हे पहाटं उठनात,” त्या म्हणाल्या. “उठले तर खाटेवरच बसून राहतेत. सगळ्या लेन्सा एका पेटीत भरल्यात. सरांच्या शाळेला देऊन टाकायच्यात म्हणतेत. तुमी या बरं.”

मी गेलो. बळेच त्यांना बाहेर काढलं, पेटीतली मोठी लेन्स काढली आणि पहाटे आम्ही पाण्यावर गेलो. व्याह्यांनी डोळा लावला, रिंग इकडे फिरवली, तिकडे फिरवली, आणि कॅमेरा माझ्यापुढे सरकवला. “बगा तुमीच. काही हाय का त्यात?”

मी बघितलं. हंस होते. अगदी हाताशी आल्यासारखे. एक मान वळवून पाठीवरची पिसं साफ करत होता, त्याच्या डोक्यावरचे दोन्ही पट्टे काजळाने ओढल्यासारखे दिसत होते, चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता. मी डोळा काढून व्याह्यांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, पण थोडं माझ्या कानाच्या बाजूला.

आता मुलीच्या बापाने व्याह्याला सांगायचं तरी कसं? आपल्याकडे व्याह्याची भाजी खारट झाली तरी आपण दुसऱ्यांदा मागून घेतो. “आहे थोडं धुरकट,” मी म्हणालो. त्यांना केवढं बरं वाटलं! “तर काय! मी येडा हाव काय!” म्हणाले आणि परतताना रस्ताभर लेन्स बनवणाऱ्यांच्या घसरत्या दर्जावर बोलत राहिले.

घरी ते अंघोळीला गेल्यावर विहीणबाईंनी चहा माझ्यापुढे ठेवला आणि हळूच विचारलं, “सर, तुमी बी खोटंच बोललात ना?” त्यांना सारं माहीत होतं. गेल्या आठवड्यात दारात चादर टाकून ठेवलेल्या मोटारसायकलला व्याही “या, बसा” म्हणाले होते. “मग सांगत का नाही तुम्ही?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “मामंजींचा डोळा आपरेशनातच गेला. तवा हे लहान व्हते, हात धरून फिरवायचे त्यांना. डोळ्याच्या दवाखान्याचं नाव काढलं की जेवण सोडतेत हे.”

दुपारी अंगणात बसलो. विहीणबाई मेथी निवडत होत्या. मला दुसरं काही सुचेना, तेव्हा मी म्हणालो, “इवाई, एकाची तक्रार आहे. फोटो धुरकट दिसतात म्हणतो.”

कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जाग आली. “पुढची काच?”

“साफ आहे.”

“फिल्टर?”

“काढून बघितला.”

“आत बुरशी?”

“नाही. कारागिराने उघडून दाखवलं.”

“तिवईवर लावल्यावर हलणं रोखायचं बटण बंद केलं व्हतं का?”

“केलं होतं.”

“दुसरी लेन्स लावून बगा म्हणावं.”

“लावली. तीपण तशीच. कॅमेराही दुसरा घेऊन झाला.”

व्याही थोडे पुढे सरकले. “मग दुसऱ्या मानसाला बगायला लावलं का?”

“लावलं. त्याला स्वच्छ दिसलं.”

विहीणबाईंचा मेथीवरचा हात थांबला. व्याही खालच्या आवाजात म्हणाले, “त्याला पट्टे दिसले?”

“दोन्ही.”

“मंग सकाळी मला काहून म्हणलात धुरकट हाय म्हणून?”

“तुम्ही व्याही आहात.”

“इवाई हाय म्हणून आंधळं ठेवता का मला?” ते ओरडले, आणि दुसऱ्याच क्षणी इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. ते पाणी बराच वेळ आलं. विहीणबाई पदराला हात पुसत उठल्या आणि त्यांच्या शेजारी बाजेवर येऊन बसल्या. मी तिथे असताना त्या अशा बसल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. व्याही त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “तुला ठाऊक व्हतं.” त्या म्हणाल्या, “व्हतं.” एवढंच.

परभणीतल्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या. मोतीबिंदू आहे, डोळ्यात लेन्स टाकावी लागेल, एवढं त्या बोलल्या आणि भीतीने पांढरे पडलेले व्याही खुर्चीत ताठ झाले. लेन्स या शब्दाने त्यांना एकदम आपल्या गावात आणून सोडलं होतं.

“झूम असती का फिक्स?”

“फिक्स, काका.”

“कोटिंग?”

“असतं.”

“बसवताना धूळ गेली तर? फुगा मारता का आधी?”

“धूळ जातच नाही, काका. खोलीच तशी असते.”

“आणि बुरशी धरली तर?”

“नाही धरत.”

व्याही माझ्याकडे वळले. “इवाई, आपल्यापेक्षा चांगला माल हाय.” मग पुन्हा डॉक्टरीणबाईंना, अगदी हळू, “वर फुंकर तर न्हाई मारणार ना कोणी?” त्या मुलीने हसू न येऊ देता सांगितलं, “मी कोणाला मारू देणार नाही.” आणि या एका आश्वासनावर व्याह्यांनी उजवा डोळा तिच्या स्वाधीन केला.

पट्टी निघाली ती आमच्याच घरी. व्याह्यांनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला. आधी भिंतीकडे बघितलं. “ही निळी हाय? मी तर हिरवी समजत व्हतो.” मग खिडकीकडे, मग स्वतःच्या हातांकडे, उलटेसुलटे करून. मग विहीणबाईंकडे. दुसऱ्या दिवशी कॅमेरा मागितला आणि बायकोला म्हणाले, “खिडकीपाशी उभी ऱ्हा.” विहीणबाईंनी सवयीने टेबलावरचा पेपर उचलला, उलगडला आणि तोंडापुढे धरला.

“पेपर खाली घे,” व्याही म्हणाले.

“मंग फोकस कशावर लावता?”

“खाली घे तर.”

त्यांनी पेपर खाली घेतला. आता हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. नव्या नवरीसारख्या त्या जमिनीकडे बघत राहिल्या. माझी बायको उगाच पाणी आणायला आत गेली आणि मीही तिच्या मागोमाग पाणी आणायला गेलो.

डावा डोळा महिन्याभराने करायचा होता. पण व्याही टाळू लागले. आता भीती नव्हती. डॉक्टरीणबाईंना तर ते घरची पोर समजायला लागले होते. “पाखरं जाऊ द्या, मंग करू,” एवढंच म्हणत. हिवाळा सरला. धुकं केव्हाच संपलं होतं. हंसांचे थवे एकेक करून उत्तरेला निघाले, आणि डाव्या डोळ्याची तारीख ठरल्यावर व्याह्यांनी मला जिंतूरला मुक्कामाला बोलावून घेतलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही तिघं पाण्यावर गेलो. या वेळी विहीणबाईही होत्या. कॅमेरा व्याह्यांनी घरीच ठेवला होता. सकाळ अगदी कोरडी आणि लख्ख होती. पलीकडचा काठ, त्यावरच्या बाभळी, उरलेसुरले थोडे हंस, सगळं जिथल्या तिथे दिसत होतं. व्याही एका दगडावर बसले आणि त्यांनी नवी लेन्स टाकलेला उजवा डोळा तळहाताने झाकला.

ते तसेच बसून राहिले. “काय दिसतं?” मी विचारलं.

“पाखरं न्हाईत दिसत,” ते म्हणाले. “पाणी बी न्हाई. नुसता उजेड हाय, पिवळा, लोण्यावानी. त्यात काहीतरी हलायलंय.” थोड्या वेळाने म्हणाले, “कोणत्याच लेन्सनं येत न्हाई हो असं. आन उद्यापासून मला बी न्हाई दिसायचं.”

विहीणबाईंनी त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली. “अजून बसायचं असल तर बसा,” म्हणाल्या. “गाडीला येळ हाय.”

हंस उठले. त्यांच्या पंखांचा आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत आला आणि हळूहळू लांब गेला. व्याह्यांनी हात काढला नाही. झाकल्या डोळ्यानेच त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. मीही माझा एक डोळा झाकून बघितला. मग तो उघडून दुसरा झाकला. मला मात्र दोन्ही डोळ्यांना सारखंच पाणी दिसत होतं.